वलगावची वाट आणि वजनाचा काटा

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याने निघाले की दहा किलोमीटरच्या आसपास वलगाव लागते. गावाजवळून पेढी नदी वाहते. ही पेढी पुढे पूर्णेला मिळते आणि पूर्णा तापीला. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर पेढीला फार पाणी नसते. पण तिचे नाव सबंध महाराष्ट्राला ठाऊक आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना याच पेढीच्या काठी, वलगावजवळ, संत गाडगेबाबांनी शेवटचा श्वास घेतला. परमपूज्य बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा चौदा दिवस झाले होते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ज्या बाबांनी विश्वासाने बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, ते बाबा बाबासाहेबांमागोमाग गेले. एका पंधरवड्यात दोन दुःखे, असे आमच्या घरचे मोठे लोक सांगत.

वलगाव माझे माहेर. माझा जन्म धम्मदीक्षेनंतर तीन वर्षांनी झाला, म्हणजे माझे वय वाचकांनी काढलेच असेल. या वयात मी अमरावती ते वलगाव हा रस्ता पुन्हा सायकलने जाऊ-येऊ लागले. त्याची ही हकिकत आहे. यात थोडे माझे फजितीचे आहे, थोडे शिकण्यासारखे आहे. आपल्या वस्तीतल्या ज्या भगिनींना आणि बांधवांना डॉक्टरांनी "वजन कमी करा" असे सांगितले आहे, त्यांनी ती जरूर वाचावी.

बाबांची सायकल

१९७६ साली मी अमरावतीला विदर्भ महाविद्यालयात जाऊ लागले. माझे बाबा अमरावतीच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हमाली करत. कापसाच्या गाठी पाठीवर वाहायच्या आणि संध्याकाळी सायकलने घरी यायचे. एसटीचे रोजचे भाडे परवडण्यासारखे नव्हते. मग बाबांनी स्वतःची सायकल मला दिली आणि आपण दुसऱ्यांच्या करिअरवर बसून, नाही तर पायी जाऊ लागले.

ती पुरुषांची, दांडीवाली सायकल होती. मी ती दांडीच्या खालून पाय घालून, कैची मारत शिकले होते. पोरीच्या जातीने सायकलीवर बसून शहरात जायचे, हे गावात काहींना रुचले नाही. आपल्या वस्तीतही कुजबुज झाली. आई मात्र ठाम होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण १९४२ सालच्या जुलै महिन्यात नागपूरला झालेल्या दलित महिला परिषदेची गोष्ट तिने थोरल्या बायांकडून ऐकली होती. त्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, असे बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या हजारो स्त्रियांना सांगितले होते. आई म्हणायची, "बाबासायबानं सांगतलं तं मी काहून ऐकू नये?"

तीन वर्षे मी तो रस्ता तुडवला. जाताना दहा, येताना दहा. तेव्हा माझे वजन चव्वेचाळीस किलो होते आणि ते किती आहे याचा विचारही मनात येत नसे. शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, आणि त्या सायकलीवरच आमचे घर उभे राहिले असे म्हटले तरी चालेल.

सायकल माळ्यावर, आपण खुर्चीवर

नोकरी लागली. लग्न झाले. अमरावतीत घर झाले. सायकल गेली आणि लुना आली, लुना गेली आणि स्कूटी आली. मुलाने चारचाकी घेतली. आपल्या पिढीतल्या कितीतरी घरांची हीच कहाणी आहे. आईवडिलांनी अंगमेहनत केली, आपण खुर्चीवर बसलो. याचा अभिमानच वाटायला हवा. बाबासाहेबांच्या पुण्याईने आपल्या पाठीवरचे ओझे उतरले.

पण ओझे उतरले तसा घामही गेला, आणि ताटातले मात्र वाढले. पूर्वी भाकर आणि वरण असायचे. तिथे पोळी, भात, साखरेचे चार चहा आणि संध्याकाळी गिलावडा आला. निवृत्त झाल्यावर तर चालणेही घरातल्या घरात. पासष्टाव्या वर्षी तपासणी केली तेव्हा रक्तात साखर निघाली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी जी तपासणी असते, तिचा आकडा आठच्या वर. वजन अडुसष्ट. उंची जेमतेम पाच फूट, म्हणजे १५२ सेंटिमीटर. डॉक्टरांनी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून सांगितले, "तुमच्या उंचीला त्रेपन्न किलोच्या आत असायला हवे."

हा तक्ता समजून घेण्यासारखा आहे. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो आकडा येतो, तो युरोपातल्या माणसाला पंचवीसपर्यंत चालतो. आपल्या भारतीय माणसाच्या शरीरात त्याच वजनाला चरबी जास्त असते आणि ती पोटाभोवती साठते. म्हणून आपल्याकडे तेविसाच्या पुढे वजन जास्त धरतात आणि पंचविसापासून लठ्ठपणा. त्याहून सोपी खूण म्हणजे कंबर. बाईची ऐंशी सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषाची नव्वदच्या आत असावी. माझी शहाण्णव होती.

घरी येताना मनात एकच विचार आला: आपण सायकल चालवायचो तेव्हा चव्वेचाळीस किलो होतो, पुन्हा चालवू, पुन्हा तसे होऊ.

मनातले गणित

धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला आणि मी लेडीज सायकल घरी आणली. मुलगा म्हणाला, "आई, या वयात? लोक काय म्हणतील, घरात गाडी असून आईला सायकलवर फिरवतात!" आमच्या यांनीही नाराजीच दाखवली. त्यांचे बालपण फार हालात गेले. त्यांच्या दृष्टीने सायकल म्हणजे गरिबी, आणि जे मागे टाकून आलो ते पुन्हा अंगणात कशाला, असा त्यांचा प्रश्न. मला तो प्रश्न समजत होता. पण हट्ट म्हणजे हट्ट. कॅलेंडरवर मी १४ एप्रिलच्या चौकटीत पेन्सिलीने "५८" असा आकडा लिहिला. भीमजयंतीला दहा किलो उतरलेली असेन, अशी ती प्रतिज्ञा.

पहिल्या दिवशी पहाटे निघाले आणि एक किलोमीटर जाता जाता छाती धापू लागली. चव्वेचाळीस किलोची पोर मनात सायकल चालवत होती. पायडलवर पाय मात्र सहासष्टीकडे चाललेल्या बाईचे होते. दुसऱ्या आठवड्यात गुडघे दुखायला लागले. मला वाटले, संपले आता. पण कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्या दादाने एकदा माझ्याकडे पाहिले आणि हसून सीट तीन बोटे वर चढवली. पाय जमिनीला सहज टेकावेत म्हणून मी सीट अगदी खाली ठेवली होती आणि त्यामुळे गुडघे दुमडून जोर लागत होता. टाच पायडलवर ठेवली आणि पायडल सगळ्यात खाली असले की पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे, हे त्याने समजावले. आठ दिवसांत दुखणे गेले. चाकात हवा भरपूर असावी, हेही त्यानेच सांगितले. हवा कमी असली की तीच सायकल दुप्पट जड लागते.

नोव्हेंबरात एकदा गिट्टीवरून घसरून पडले. हात खरचटला, हाड वाचले. त्यानंतर वळणावर उतरून सायकल हातात धरून जाण्याची लाज सोडून दिली.

रस्ता

शहरातून निघताना गाडगेनगर लागते. तिथे गाडगेबाबांची समाधी आहे. म्हणजे माझ्या वाटेच्या एका टोकाला बाबांची समाधी आणि दुसऱ्या टोकाला त्यांनी देह ठेवला ती पेढी. ज्या माणसाने एक खराटा आणि एक मडके घेऊन पायी पायी महाराष्ट्र पालथा घातला, त्याच्या वाटेवर दोन किलोमीटरला दमणे मनाला फार लागे.

पण रस्ता माणसाला हळूहळू आपल्यात घेतो. तिसऱ्या आठवड्यात चार किलोमीटर झाले, पाचव्यात सहा. शहर मागे पडले की दोन्ही बाजूंना काळी जमीन. पहाटेचे धुके, त्यात कापसाची पांढरी बोंडे, मधूनमधून तुरीचे पिवळे तास आणि कुठे संत्र्याचे बगीचे. कापूस वेचायला निघालेल्या बाया ओट्या बांधून घोळक्याने चाललेल्या असत. त्या माझ्यापेक्षा वयाने लहान. पण उन्हाने माझ्याहून म्हाताऱ्या दिसणाऱ्या. पहिल्या पहिल्यांदा त्या हसत. पुढे ओळख झाली. "आज उशीर झाला व मास्तरीणबाई," असे म्हणू लागल्या.

त्यांच्याकडे पाहून एक गोष्ट मनात आली. अमरावतीत १९१४ सालापासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते. इतक्या मोठ्या व्यायामाच्या परंपरेच्या गावात राहूनही आमच्या आईबापांनी व्यायाम असा कधी केला नाही. त्यांना गरजच नव्हती असे आपण म्हणतो, पण ते खरे नाही. गाठी वाहून बाबांचा खांदा कायमचा वाकला. दिवसभर एकाच अंगाने, पोटभर न खाता केलेले कष्ट शरीर झिजवतात. व्यायाम शरीर घडवतो, कारण तो आपल्या मर्जीने, झेपेल तितका आणि विसावा घेऊन करता येतो. बाबांची सायकल पोटासाठी होती. माझी पोट उतरवण्यासाठी. हा फरक मिळवायला एक पिढी खर्ची पडली आहे, तेव्हा त्याची लाज का वाटावी?

उपाशी पोटाची चूक

महिना झाला. मोठ्या आशेने काट्यावर उभी राहिले. साडेअडुसष्ट! अर्धा किलो वाढले होते.

मग मी चूक केली. रात्रीचे जेवण बंद केले. साखरेची गोळी मात्र चालूच ठेवली आणि सकाळी काहीही न खाता सायकल काढली. चौथ्या दिवशी रस्त्यावर हातपाय थरथरू लागले, घाम सुटला, समोरचे अंधुक झाले. कशीबशी उतरून बांधावर बसले. मागून येणाऱ्या कापूस वेचणाऱ्या बायांनी मला सावलीत घेतले आणि एकीने शिदोरीतला गूळ माझ्या तोंडात घातला. दहा मिनिटांत डोळ्यांपुढचे निवळले. ट्रक-ट्रॅक्टरच्या त्या रस्त्यावर आणखी शंभर पावले गेले असते तर आज हे लिहायला मी नसते. डॉक्टर खूप रागावले, आणि ते योग्यच होते. साखरेची गोळी घेणाऱ्या माणसाने उपाशीपोटी मेहनत केली तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. तेव्हापासून माझ्या करिअरच्या पिशवीत गुळाचा खडा आणि पाण्याची बाटली असतेच असते.

त्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. माझ्या वजनाच्या बाईने सावकाश वीस किलोमीटर सायकल चालवली तर सुमारे तीनशे ते चारशे कॅलरी खर्च होतात. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे जवळजवळ सात हजार सातशे कॅलरी. म्हणजे पंचवीस दिवस रोज वलगावला जाऊन यावे, तेव्हा एक किलो उतरेल, तेही ताटात काही वाढले नाही तर. आणि मी काय करत होते? सायकलवरून आले की भूक लागते म्हणून पोहे घेत होते आणि वर "आज मेहनत झाली" म्हणून साखरेचा मोठा चहा. दीड तासात जे गेले ते दहा मिनिटांत परत येत होते.

डॉक्टर म्हणाले, "बाई, वजन मुख्यतः ताटात उतरते. सायकल जे देते ते निराळेच आहे. तुम्ही ते मोजतच नाही."

राजा प्रसेनजिताचे ताट

त्या रात्री मला विहारात ऐकलेली एक गोष्ट आठवली. ती संयुत्त निकायात आहे. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भाताचे जेवण जेवत असे. एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकत तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला उपवास सांगितला नाही की रागावलेही नाहीत. जो जागरूक राहून प्रमाणात जेवतो त्याच्या वेदना कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. राजाने आपल्याजवळच्या सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपल्या जेवणाच्या वेळी रोज म्हणायला सांगितली. त्यासाठी त्याला रोज शंभर कार्षापण देऊ केले. राजाचे जेवण एकदम कमी झाले नाही. हळूहळू, क्रमाक्रमाने ते नाळीभर भातावर आले आणि शरीर हलके झाले.

यातला "हळूहळू" हा शब्द मी सोडून दिला होता. सिद्धार्थाने स्वतः सहा वर्षे देह वाळवून पाहिला आणि शेवटी सुजातेची खीर स्वीकारली. सहा वर्षांच्या अनुभवाने सापडलेला मध्यम मार्ग आपण रोज वंदनेत आठवतो आणि स्वयंपाकघरात विसरतो.

आणखी एक सुत्त अंगुत्तर निकायात आहे. त्यात तथागतांनी चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाला माणूस समर्थ होतो, प्रयत्नाला समर्थ होतो, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि मनाची एकाग्रता टिकते. पाच लाभ मोजून सांगितले. त्यात वजन उतरणे कुठेच नाही. सायकल म्हणजे चाकावरचे चंक्रमणच. मग मी या पाच गोष्टी मोजायच्या सोडून सहाव्याच्या मागे का लागले होते?

फ्रान्सचे एक आजोबा

माझ्या नातवाने मला फ्रान्सच्या रॉबर्ट मार्शां यांची माहिती काढून दिली. १९११ साली जन्मलेला हा कष्टकरी माणूस. तरुणपणी पॅरिसमध्ये अग्निशामक दलात होता, पुढे व्हेनेझुएलात ट्रक चालवला, कॅनडात लाकूडतोड केली. उंची माझ्याइतकीच, १५२ सेंटिमीटर. तुझ्या अंगकाठीला सायकलच्या शर्यती जमणार नाहीत, असे त्याला पोरवयात सांगितले गेले होते. सदुसष्टाच्या सुमारास तो पुन्हा सायकलकडे वळला. २०१२ साली शंभरीत असताना त्याने एका तासात २४.२५ किलोमीटर अंतर कापले आणि २०१४ साली एकशे दोन वर्षांचा असताना जवळजवळ २७ किलोमीटर. २०२१ साली, एकशे नऊ वर्षांचा होऊन तो वारला.

शास्त्रज्ञांनी त्याची दोन वेळा, दोन वर्षांच्या अंतराने तपासणी केली. त्या दोन वर्षांत तो वर्षाला पाच हजार किलोमीटर सायकल चालवत होता. त्यातली ऐंशी टक्के सावकाश आणि वीस टक्के जोराने. श्वासातला प्राणवायू वापरण्याची त्याच्या शरीराची क्षमता तेरा टक्क्यांनी वाढली, पायातली ताकद त्याहून जास्त वाढली. आणि वजन? वजन आहे तेवढेच राहिले. शंभरी ओलांडलेले शरीरही सुधारते, पण ती सुधारणा काट्यावर दिसत नाही, हे वाचून माझ्या मनावरचा भार उतरला.

पेढीच्या काठी

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. त्या दिवशी मी मागे न वळता पुढेच गेले आणि वलगाव आले. पेढीजवळ थांबले. थंडीतही पाठ घामाने भिजली होती. याच रस्त्याने सतराव्या वर्षी पाऊण तासात जात असे. आज दीड तास लागला होता. पण पोचले होते, स्वतःच्या पायांवर.

माहेरच्या दारात सायकल लावली तेव्हा वहिनी अंगण झाडत होत्या. खराटा तसाच हातात धरून म्हणाल्या, "कावो बाई, ऑटो नाही भेटला काय? सायकलीनं काहून आल्या?" मी हसले. आत बाबांचा फोटो आहे, तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली. जयभीम केला. दहा वर्षांत माहेरी आले ती कुणाच्या तरी गाडीतून, कुणाला तरी सवड असेल तेव्हा. त्या दिवशी कुणाला विचारले नव्हते. ते सुख कुठल्या काट्यावर मोजणार?

फेब्रुवारीत पुन्हा गेले तेव्हा वहिनींनी मला पुढून मागून निरखले आणि म्हणाल्या, "इतकी सायकल चालवता बाई, मंग पोट काहून नाही गेलं?" साऱ्या वस्तीसमोर! सहा महिन्यांपूर्वी मी रडले असते. त्या दिवशी म्हटले, "वहिनी, पोट आहे तिथंच आहे, पण मी इथवर आली ना!"

जयंतीचा आकडा

१४ एप्रिलला काट्यावर उभी राहिले. साडेपासष्ट. पेन्सिलीने लिहिलेला अठ्ठावन्न चौकटीतून माझ्याकडे पाहत होता. मी तो खोडला नाही. त्याच्या शेजारी दुसरे आकडे लिहिले. कंबर शहाण्णववरून एक्याण्णव. तीन महिन्यांची साखर सातवर. विहाराचा जिना न थांबता चढते. रात्री झोप लागते. जयंतीच्या मिरवणुकीत यंदा सबंध वाट पायी चालले. मागच्या वर्षी चौकात खुर्ची टाकून बसले होते. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. ती त्यांनी केली, मी मनाने नव्हे, हे मुद्दाम सांगते.

अडीच किलो म्हणजे काही थोडे नाही, हेही मला पुढे कळले. या वयात काही न करता अंगातले मांस कमी होत जाते आणि त्या जागी चरबी बसते. मेहनत सुरू केली की मांड्यांचे मांस परत भरते, त्याचेही वजन असते. म्हणून काटा हलत नाही आणि लुगड्याची गाठ मात्र सैल होते.

ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. आधी डॉक्टरांना छाती आणि रक्तदाब दाखवा. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर सायकलबद्दल विचारून घ्या. दोन किलोमीटरपासून सुरू करा. चालवताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, बोलताना दम लागत असेल तर वेग कमी करा. आठवड्याला दीडशे मिनिटे अशी मेहनत म्हातारपणीही करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. म्हणजे रोज पाऊण तासही नाही, आणि मध्ये विसाव्याचे दिवस धरूनही ते जमते. सायकलीवर शरीराचा भार सीटवर असतो, त्यामुळे हाडांना तिचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून दोन-तीन दिवस चालावे, खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करावी. आपल्या वऱ्हाडचे ऊन विसरू नका. मार्च सरला की सूर्य वर यायच्या आत घरी परतायचे. आणि काट्यावर रोज उभे राहू नका. महिन्यातून एकदा पुरे.

ताटाचे म्हणाल तर उपास नको. मी साखरेचा चहा दोनवरून एकावर आणला, पोळी एक कमी केली आणि भाजी-वरण वाढवले. रोज शंभर कार्षापण देऊन गाथा म्हणवून घ्यायला आपल्याकडे सुदर्शन नाही. पण नातवाला सांगून ठेवले आहे. आजी तिसऱ्यांदा वाढून घेऊ लागली की तो मोठ्याने म्हणतो, "प्रसेनजित!" सारे घर हसते आणि माझा हात थांबतो.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरता चळवळीबरोबर हजारो खेड्यांतल्या बाया सायकल शिकल्या. त्यांना कुणी वजन विचारले नव्हते. आपल्या पायांनी आपल्याला हवे तिथे जाणे हाच त्यांचा लाभ होता. आपल्या घरातही ती परंपरा आहे. आमच्या यांनी परवा माळ्यावरचा जुना पंप शोधून काढला आणि काही न बोलता माझ्या चाकात हवा भरून ठेवली. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

गेल्या आठवड्यात पेढीच्या काठावर थांबले होते. गावातल्या दोन मुली दप्तर पाठीवर घेऊन सायकलीने अमरावतीकडे निघाल्या होत्या. मला ओलांडताना त्यांनी घंटी वाजवली आणि ओरडल्या, "जयभीम, आजी!" त्या झपाट्याने पुढे गेल्या. मी त्यांच्या मागून, माझ्या चालीने निघाले.

जयभीम.